आवक, जावक, शिल्लक

२९ जून २०२५, रविवार

अंतराळात वाट चुकलेल्या यानांच्या मालिका एकामागून एक बघायच्या, हा नातीचा यंदाचा पावसाळी बेत. सुरुवात ‘लॉस्ट इन स्पेस’पासून. १९६५ साल, पहिला सीझन कृष्णधवल. रॉबिन्सन कुटुंब ‘ज्युपिटर-२’ मधून अल्फा सेंटॉरीला निघते, डॉक्टर स्मिथ घातपात करतो आणि सगळे भलत्याच ग्रहावर आदळतात. आता खाण्यापिण्याची विवंचना सुरू होणार म्हणून मी सरसावून बसलो. तर यांच्या यंत्रात मळके कपडे टाकले की ते धुऊन, घडी होऊन, प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन बाहेर येतात!

‘‘पिशव्या कुठून येतात?’’

‘‘आजोबा, तुम्ही रिटायर झालात.’’

झालो खरा. पण उभी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. संपणारी वस्तू दिसली की शिल्लक विचारल्याशिवाय राहवत नाही.

‘स्पेस: १९९९’ थोडी पाहिली. अणुकचऱ्याचा स्फोट होऊन चंद्रच कक्षेबाहेर फेकला जातो, त्यावरच्या तळाला आणि ३११ माणसांना घेऊन. कल्पना भव्य, पात्रे मात्र पुतळ्यांसारखी. ‘ईगल’ नावाची विमाने सतत चक्काचूर होतात आणि पुढच्या भागात पुरेशी हजर असतात. पुरे झाले.

१ जुलै

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’. जानेवारी १९९५ मध्ये सुरू झाली, सात सीझन चालली. यान एका झटक्यात ७०,००० प्रकाशवर्षे दूर जाऊन पडते. पूर्ण वेगाने निघाले तरी घरी पोचायला ७५ वर्षे. त्यात अर्धेअधिक लोक सरकारी आणि उरलेले त्यांनीच ज्यांना पकडायचे ते बंडखोर, सगळे एकाच यानात. कप्तान कॅथरीन जेनवे दोघांना एकाच गणवेशात बसवते.

मला इथे बरे वाटू लागले. रेप्लिकेटर नावाचे यंत्र मागाल तो पदार्थ करून देते, पण ऊर्जा खाते. म्हणून माणशी रेशन. रेशन आले की उसनवारी आली, पैजा आल्या, एकमेकांना गूळ लावणे आले. लेखकांना ते बरोबर कळले आहे. मालाच्या खोलीत भाजीपाला लावतात. नीलिक्स नावाचा परग्रहावरचा इसम कप्तानबाईंच्या खास जेवणघराचे परस्पर स्वयंपाकघर करून टाकतो. कुठलेतरी कंद शिजवतो, ते कोणालाच आवडत नाहीत, आणि सगळे निमूट खातात. कँटीन असेच चालते.

‘द क्लाउड’ या भागात जेनवेबाई ऊर्जा गोळा करायला एका तेजोमेघात शिरतात, कारण त्यांना कॉफी सोडवत नाही. तो मेघ निघतो सजीव. त्याला झालेली जखम बरी करण्यात होती ती ऊर्जाही खर्च होते. खरेदीला जायचे आणि खिसा कापून परत यायचे. फार आवडला हा भाग. त्यातच हिशेबही स्वच्छ सांगून टाकतात: टॉर्पेडो ३८, संपले की नवे मिळणार नाहीत.

मी वहीत ३८ लिहून ठेवले.

३ जुलै

३८ केव्हाच मागे पडले. नात पुढचेमागचे भाग उड्या मारत दाखवते आहे. सहाव्या-सातव्या सीझनपर्यंत टॉर्पेडो सुटतच आहेत. छोटी याने फुटतात, हरवतात, तरी कमी पडत नाहीत. १९९८ च्या एका भागात तर ‘डेल्टा फ्लायर’ हे कोरे करकरीत यान घरीच बांधतात. कसब वाखाणण्याजोगे, पण माल कुठल्या खात्यातून आला?

‘‘वाटेत विकत घेतला असेल,’’ नात म्हणते.

असेल. मग आवक दाखवा. परक्या बाजारात, आपल्याला कोणी ओळखत नसताना, माल मिळवायला काय काय द्यावे लागले असेल! तो भाग मी आनंदाने पाहिला असता.

‘इयर ऑफ हेल’ या जोडभागात यानाची चाळण होते. मजले बंद, माणसे जखमी, जेनवेबाई हट्टाला पेटलेल्या. हेच तर हवे होते. शेवटी काळाचे चक्र उलटे फिरते आणि घडलेले काहीच घडले नाही असे होते. यान पुन्हा चकचकीत. मी उठून झोपायला गेलो.

६ जुलै

आषाढी एकादशी. टीव्ही पंढरपूरकडे, म्हणजे हिच्या ताब्यात.

१० जुलै

रोनाल्ड मूर हा लेखक ‘व्हॉयेजर’मध्ये थोडाच काळ टिकला. अडकलेले यान झिजलेले दिसले पाहिजे, माणसे बदलली पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. मग त्याने जुनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने घडवली. २००३ मध्ये आधी लघुमालिका, पुढे २००९ पर्यंत मालिका. बारा वसाहतींची राखरांगोळी झाली आहे. उरलेले पन्नासेक हजार लोक जमेल त्या जहाजांतून पळताहेत. राष्ट्राध्यक्षपदी बसलेल्या लॉरा रॉझलिन मूळच्या शिक्षणमंत्री. त्यांच्या खोलीत पांढरा फळा, फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा. रोज पुसायचा, रोज लिहायचा.

इतका साधा फळा, पण सगळी मालिका त्याने तोलून धरली आहे.

‘३३’ नावाच्या भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी हजर होतो आणि ताफ्याला दर वेळी उडी मारून निसटावे लागते. २३७ उड्या झाल्या आहेत, कोणी झोपलेले नाही. मी गुणाकार करून पाहिला: १३० तास, पाच दिवसांहून जास्त. आकडा जुळतो! लेखकाने बसून हिशेब केला आहे हे दिसले की माझा जीव भांड्यात पडतो. १,३४५ प्रवाशांचे एक जहाज मागे राहते, नंतर येते, शत्रूला आपल्या पाठोपाठ घेऊन. ते आपल्याच वैमानिकांना पाडावे लागते. रॉझलिनबाई फळ्यावरून वजा करतात. शेवटी कुठल्याशा जहाजावर मूल जन्मते आणि त्या एक मिळवतात: ४७,९७३. या भागाला २००५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मी दिला असता तर त्या फळ्याला दिला असता.

लगेच ‘वॉटर’ पाहिला. घातपाताने टाक्या फुटतात, पाणी अंतराळात उडून जाते. गॅलॅक्टिका स्वतःचे पाणी जवळजवळ सगळे पुन्हा वापरते, पण इतर जहाजांना ते जमत नाही. त्यांना तीच पाणी पुरवते. बैठकीत आठवड्याची गरज वाचून दाखवतात: धान्य ८२ टन, भाजी ३०४ टन. कागद घेतला. धान्य माणशी दिवसाला अडीचशे ग्रॅम, ठीक. भाजी मात्र नऊशे ग्रॅम! ‘‘एवढी भाजी कोण खातं?’’ ही आतून म्हणाली, ‘‘देठं-सालं धरून असेल.’’ हे मला सुचले नव्हते.

१५ जुलै

अंतराळवीर शुभांशु शुक्ला आज दुपारी अंतराळ स्थानकावरून परतले. कुपी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिकमध्ये उतरली. स्थानकावर त्यांनी मूग आणि मेथी भिजवून मोड आणले होते, ते ऐकून ही खूश. नीलिक्सच्या कंदापेक्षा मोडाची उसळ केव्हाही बरी.

अंतराळ स्थानकावर पाणी कसे पुरवतात ते वाचले. मूत्र, घाम, श्वासातली वाफ, सगळे गोळा करून शुद्ध करतात. २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. ती गाठायला वर्षानुवर्षे यंत्रे दुरुस्त करावी लागली. शेवटच्या थेंबांसाठी तर मूत्र गाळून उरलेल्या खाऱ्या गाळातलेही पाणी काढावे लागते. मालिकेत अभियंता तेच काम जाहिरात संपायच्या आत करतो.

१८ जुलै

‘स्टारगेट युनिव्हर्स’, २००९. ‘डेस्टिनी’ हे प्राचीन, मोडकळीला आलेले यान. त्यात अपघाताने येऊन पडलेले सैनिक, शास्त्रज्ञ आणि भलतेच कोणी. पहिल्या भागांचे नावच ‘एअर’. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारी यंत्रे निकामी झाली आहेत आणि त्यांना हवा आहे चुना. यान ठराविक वेळ थांबणार, घड्याळ उलटे चाललेले. तेवढ्यात वाळवंटी ग्रहावर उतरून चुना शोधायचा.

आपल्याकडे शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला. ती इथे जिवावरची गोष्ट झाली. फक्त एक शंका. जमिनीत सापडते ती चुनखडी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड आधीच मुरलेला असतो. ती भट्टीत भाजली की कळीचा चुना, त्यावर पाणी घातले की विरलेला चुना, आणि मग तो हवा धरणार. भट्टी मला काही दिसली नाही. तरी यंत्राच्या पोटात काय भरायचे हा प्रश्न कोणी विचारला, हेच पुष्कळ. दोनच सीझनमध्ये मालिका बंद पडली.

नातीला अपोलो-१३ ची गोष्ट सांगितली. १३ एप्रिल १९७० ला ऑक्सिजनची टाकी फुटली. तिघे चांद्रयानात सरकले, जे दोघांसाठी जेमतेम दोन दिवसांचे होते. त्यांना त्यात चार दिवस काढायचे होते. हवा शुद्ध करणाऱ्या पेट्या मुख्य यानात चौकोनी, चांद्रयानातली बसण्याची जागा गोल. एकाच मोहिमेचे दोन सुटे भाग एकमेकांत बसत नाहीत! असे खरेदीखाते मी ओळखतो. ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी यानात जे आहे तेवढेच वापरायचे ठरवले: प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाची नळी, चिकटपट्टी. जोडणी आधी जमिनीवर करून पाहिली, मग रेडिओवरून पायरी पायरीने वाचून दाखवली. लोक कल्पकतेचे कौतुक करतात. मला भावते ते वेगळे: यानात कुठली वस्तू किती आहे याची यादी कोणीतरी उड्डाणाआधीच चोख करून ठेवली होती. तिच्याशिवाय कल्पकता काय कपाळ करणार?

२० जुलै, रविवार

आज हलकेफुलके, म्हणून ‘रेड ड्वार्फ’. ब्रिटिश, १९८८ पासून. ३० लाख वर्षांनी जागा झालेला लिस्टर हा एकटाच माणूस, आणि त्याच्या जोडीला रिमर, मेलेल्या सहकाऱ्याची प्रकाशप्रतिमा. १९८९ च्या ‘मरूनड’ भागात दोघे बर्फाच्या ग्रहावर अडकतात. अन्न म्हणजे कुत्र्याच्या खाण्याचा एक डबा. ऊब हवी तर एकेक वस्तू जाळायची. रिमरला भूकही नाही, थंडीही नाही, त्यामुळे उपदेश करायला तो मोकळा.

शेवटी लिस्टरची लाडकी गिटार उरते. ‘मला जरा एकटे सोड’ म्हणून तो रिमरला बाहेर काढतो आणि रिमरच्या जुन्या किमती पेटीची पाठ कापून गिटारच्या आकाराचा लाकडी तुकडा आगीत घालतो. रिमर हेलावतो. एवढा मोठा त्याग!

म्हणजे माल निघाला पेटीच्या खात्यातून आणि नोंद पडली गिटारच्या नावावर. अशा चिठ्ठ्या मी नोकरीत पुष्कळ पकडल्या आहेत. नात हसून लोळत होती. ‘‘तुम्ही असता तर पकडला असता?’’

रात्रीच पकडला नसता. माणूस गारठून मरत होता. पण सकाळी मोजणीला बसलो असतो आणि पेटीची पाठ मागितली असती.