आप्पा, सावलीचं तेवढं बघा

तीर्थरूप आप्पांस,


काकी म्हणाल्या, यंदाही पट्टा लवकर पडायचा नाही, म्हणजे गाळप लांबणार. २०२२ साली मराठवाड्यात जूनपर्यंत गाळप चाललं होतं, तेव्हा भर वैशाखात माणसं उसाच्या फडात होती. ते आठवलं आणि लिहायला बसले. फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता.

आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात कुणी नवीन आलं की मी आधी शुगर आणि बीपी विचारते. दोन्ही नसेल तर काम काय करता, हे विचारायला हवं. मध्य अमेरिकेतल्या डॉक्टरांना हेच करावं लागलं. एल साल्वाडोरमध्ये ऐन उमेदीतली कष्टकरी माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन येत होती. २००२ साली तिथल्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा छापून मांडलं. शेजारच्या निकाराग्वात चिचिगाल्पाजवळ ऊसतोड्यांची एक वस्ती आहे. तिथले इतके पुरुष गेले, की लोक तिला विधवांचं बेट म्हणू लागले. कीटकनाशकांचा, पाण्यातल्या धातूंचाही तपास झाला, अजून चालू आहे. पण उन्हातली अंगमेहनत मात्र सगळीकडे सापडली.

हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी ती गाळतात आणि लिटर-दीड लिटर लघवी सोडून बाकीचं शरीराला परत देतात. उन्हात कोयता चालतो तेव्हा रक्त कातडीकडे धावतं, घामावाटे पाणी जातं, आणि मूत्रपिंडांच्या वाट्याला रक्त कमी येतं. एका दिवसाची इजा भरून निघते. पण रोज तेच झालं तर आत व्रण धरतात, आणि दुखत काहीच नाही. संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी घेतली, की उरलासुरला रक्तपुरवठाही आखडतो. तुमच्या कोप्यांवर त्या गोळ्या सुपारीसारख्या वाटल्या जातात, ते आधी बंद करा. बायांचं तर विचारूच नका. आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.

पाण्याचा टँकर तुम्ही ठेवता, मला माहीत आहे. पण नुसतं पाणी पुरत नाही. निकाराग्वाच्या सान अंतोनियो कारखान्यात विश्रांतीचा वेळ वाढवला आणि सावलीचे तंबू तोडणीच्या जवळ नेले, तेव्हा २०१८-१९च्या हंगामात तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडांची इजा ठळकपणे घटली. टनावर मजुरी असली की माणूस आपणहून बसत नाही, आप्पा. डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल असते, खाड्याची धास्ती असते, गाडी भरायची घाई असते. तुमच्यासारख्या मुकादमानं हाक देऊन कोयते खाली ठेवायला लावले तरच सगळे एकदम बसतील, आणि कुणाला मागं पडल्यासारखं वाटणार नाही.

पहाटे अंधारात तोडायला लागता, ते चांगलंच आहे. उन्हाळ्यात दहा-साडेदहाला फड सोडा, उरलेलं ऊन कलल्यावर. मध्ये तासातासाला ताडपत्रीखाली बसवा. बायांसाठी फडाच्या कडेला चार बांबू आणि एक साडी बांधली तरी आडोसा होतो.

हंगामाच्या आधी आणि शेवटी सगळ्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन तपासू, त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं. रक्त घ्यायला मीच येईन. फक्त एक शब्द द्या, ज्याचा आकडा वाढलेला निघेल त्याला घरी हाकलायचं नाही. निकाराग्वात तपासणीत अडकलेल्यांना काम मिळेना, तेव्हा काहींनी दुसऱ्याच्या नावावर पुन्हा फडात पाऊल टाकलं आणि आजार वाढवून घेतला. आकडा वाढलेल्या माणसाला मोळ्या मोजायला, बैलांकडे बघायला ठेवा. उचलीचं काय करायचं ते कारखान्याशी बोलावं लागेल, आणि ते तुम्हीच बोलू शकता.

ताडपत्रीचे पैसे काकींच्या खात्यावर टाकले आहेत. कधी येऊ ते कळवा.

तुमची,
माई