लुकड्या पोराचं बीपी

आमच्या धुळ्याच्या घरात बीपी हा शब्द फक्त सासऱ्यांसाठी होता. बीपी म्हणजे पन्नाशी, सुटलेलं पोट आणि डोक्यावर कर्ज, अशी माझी पक्की समजूत. नववीतल्या मुलाच्या शाळेत तपासणी झाली, चिठ्ठीवर १३८/८६ आलं, आणि ती मी कपाटात टाकून दिली. जेमतेम चाळीस किलोचं लुकडं पोर! सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्याले कसानं बीपी, माय!" मला तेच ऐकायचं होतं. मोठ्या माणसाचा पट्टा लावला म्हणून आकडा चुकला असेल, असं मी ठरवून टाकलं.

आठ महिने गेले. त्याची काही तक्रार नव्हती. कबड्डीसाठी फिटनेसचा दाखला हवा होता म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवलं, दंडाच्या मापाचा पट्टा लावला. १४०. आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, तेव्हाही तेच. तेरा वर्षांपुढे असं तीनदा १३०/८० किंवा वर भरलं, तर ते बीपीच. आणि बारीक दंडावर मोठा पट्टा लावला तर आकडा वाढत नाही, उलट कमी येतो. हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला.

"जन्माचं वजन किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं. १ किलो ९०० ग्रॅम. कमी वजनाच्या बाळाच्या मूत्रपिंडात गाळण्या कमी असू शकतात, म्हणून पुढे बीपीचा धोका वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून आसपासच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास करताहेत. आपली बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, हे त्यांनी दाखवलं. बारीक म्हणजे निरोगी, हे माझं गणितच चुकीचं होतं. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या ५ टक्के मुलांचं बीपी जास्त निघालं. म्हणजे पन्नासांच्या वर्गात दोन-तीन.

बाकीचं मी केलेलं. आठवड्यातून दोनदा शेवभाजी, रोज पापड नाहीतर बिबडं. पापडखारातही सोडियम असतं, हे मला माहीत नव्हतं. माझं माहेर यावलचं, केळीचं. पिकल्या केळातलं पोटॅशियम मिठाचा जोर कमी करतं, आणि मी डब्यात देत होते खारे वेफर्स. पहाटे साडेपाचची शिकवणीही माझाच हट्ट. पोर सहा तासही झोपत नव्हतं.

सोनोग्राफीत मूत्रपिंडं ठीक निघाली. अजून गोळी नाही. शिकवणी संध्याकाळी केली, पापड बंद केले. परवा १२८ होतं.

भावाला फोन करून म्हटलं, भाचीचंही मोजून घ्या. मागून वहिनीचा आवाज आला, "ताई, ती तर किती बारीक आहे!"

शनिवारी मी यावलला जातेय, लहान पट्टा घेऊन.