दोषांचे उपकार

सर्वथा निर्दोष वस्तूंविषयीं, आणि माणसांविषयींही, माझ्या मनांत नेहमींच थोडासा संशय असतो. त्याला पदार्थविज्ञानाचा आधार सांपडेल असें मात्र वाटलें नव्हतें.

अतिशीत पाऱ्यांत विजेला होणारा विरोध नाहींसा होतो, हें १९११ सालीं कॅमरलिंग ओनेस यांना लायडेन येथें आढळलें. १९८६ सालीं बेड्नॉर्झ व म्यूलर यांनीं तांब्याच्या एका ऑक्साइडांत हाच गुण बऱ्याच अधिक तपमानास दाखविला. आणि पुढल्याच वर्षीं इट्रियम, बेरियम व तांबें यांच्या ऑक्साइडाला त्यासाठीं द्रवरूप नायट्रोजनचा, म्हणजे ७७ केल्व्हिनचा, थंडावा पुरेसा ठरला.

अशा अतिसंवाहकाचा केसाहून शेकडों पटींनीं पातळ थर घेतात व त्यावर गार्नेटचा चुंबकीय पापुद्रा ठेवतात. चुंबकाच्या प्रभावानें प्रकाशाच्या कंपनांची दिशा वळते, हें फॅरडेनें १८४५ सालीं दाखविलें होतें. त्या योगें सूक्ष्मदर्शकांत, चुंबकत्व शिरलें तेथें उजेड व न शिरलें तेथें काळोख, असें चित्र उमटतें. आम्हां नाशिककरांना ही युक्ति परकी नाहीं. गोदावरीला पूर आला कीं दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलें कीं गळ्याला, एवढेंच आम्ही विचारतों.

या थरांत चुंबकत्व कडांकडून सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपानें शिरतें. विजेचा प्रवाह त्यांना ढकलतो. ते सरकले कीं ऊर्जा वायां जाते. त्यांना जागच्या जागीं धरून ठेवतात ते थरांतील बारीक दोष! थर निर्दोष असता, तर मोठा प्रवाह त्याला पेलवलाच नसता. म्हणून शास्त्रज्ञ मुद्दाम त्यांत परके कण मिसळतात. पण सगळेच दोष उपकारी नव्हेत. एखादी चीर असेल तर चुंबकत्व तिच्यांतून आंत घुसतें व चित्रांत ती उजळ रेघेसारखी दिसते. कोणता दोष धरतो आणि कोणता फोडतो, हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं.

आमच्या आत्याबाई विलक्षण हट्टी. जुन्या नाशकांतला आमचा वाडा विकूं म्हणणाऱ्या तिघां भावांना त्यांचें एकच उत्तर असे : “मी आहें तोंवर नाहीं.” साऱ्या घराला त्यांचा हट्ट जाचे, पण दिवाळीला तीन दिशांचीं तीन कुटुंबें एकाच पंक्तीला बसत, तींही त्या हट्टापायींच. त्या गेल्या आणि वर्षाच्या आंत वाडा विकला गेला. वांटणी अगदीं चोख झाली, कोणी कोणाशीं भांडलें नाहीं. दिवाळी आतां ज्याची त्याच्या घरीं होते.