भोगावतीतली तीन कुबडं

भोगावतीत मगर आली, अशी हूल उठली ती अर्ध्या मिनिटाच्या एका व्हिडिओवरून. माझा भाचा जानेवारीत सकाळी नदीकाठच्या उसात मोटर सुरू करायला गेला होता, तेव्हा त्यानं तो काढला. बंधाऱ्याला बरगे घातलेले, त्यामुळं पाणी तुंबून संथ झालेलं, वर धुकं. त्या धुक्यातून एक काळं डोकं पुढं सरकतं, मागं कुबड वर येतं, त्याच्या मागं आणखी दोन. सगळं बुडतं आणि थोडं पुढं पुन्हा निघतं. शेवटी भाच्याचा आवाज, ‘आयला, केवढं हाय!’ आणि व्हिडिओ संपतो.

संध्याकाळी आम्ही कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जमतो. तिथं तो फोन हातोहात फिरला. ‘मगरच ही, भावा,’ एकानं निकाल दिला. दुसरा म्हणाला अजगर. तिसऱ्याला घोरपड वाटली, कारण घोरपड पट्टीची पोहते हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. आमचे तात्या तेवढे गप्प होते. त्यांच्या म्हशी रोज त्याच काठाला पाण्यात उतरतात. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, ‘मगर असली तर उद्यापास्नं म्हशी कुठं घालू, तेवढं सांगा.’

त्यांची धास्ती खरी होती. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांची पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णेच्या भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यांनी माणसं ओढून नेली आहेत. 2019 च्या महापुरात शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, रायबाग तालुक्यात, बुडालेल्या घराच्या छपरावर बसलेली मगर साऱ्या देशानं बघितली. एवढं पाणी एकमेकांत मिसळल्यावर कुठला प्राणी कुठवर येईल, याची हमी कोण देणार? म्हणून ‘काहीतरी असेल’ म्हणून विषय सोडणं मला पटेना. मगर म्हटलं की तात्यांच्या म्हशींचा प्रश्न, आणि मगर नसेल तर उद्या काठ्या-जाळी घेऊन तिच्या नावानं कुणाला तरी मारायला निघणाऱ्या माणसांचा प्रश्न.

रात्री घरी भाच्याला बसवून व्हिडिओ मोठ्या पडद्यावर अगदी सावकाश चालवला. आकारावर बोलायचंच नाही, असं आधी ठरवलं. नुसत्या पाण्यावर लांबी कळत नाही, कारण शेजारी मापाला काही नसतं. स्कॉटलंडच्या लॉख नेसचं ते 1934 चं गाजलेलं छायाचित्र घ्या. लांब मानेचा राक्षस म्हणून जगानं साठ वर्षं ते मिरवलं. छापताना कडा कापल्या होत्या. मूळ चित्रात आजूबाजूचे तरंग पाहिले की ती वस्तू केवढीशी आहे ते कळतं. 1994 मध्ये उघड झालं, की खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली ती नकली मान होती.

आकार सोडला की उरते चाल, आणि चालीत फसवणूक कमी. मगर, घोरपड, अजगर हे सगळे सरपटणारे. पोहताना त्यांचं अंग डावी-उजवीकडं वळतं. मगर शेपटी आडवी हलवते, पाठ पाण्याशी सपाट ठेवते आणि खाली जाताना पाणी जवळजवळ ढवळत नाही. आमच्या व्हिडिओतली पाठ मात्र वर-खाली होत होती. बुडी मारताना आधी डोकं आत, मग पाठीची कमान. कण्याची अशी हालचाल सस्तन प्राण्याची.

‘मामा, पण एवढा लांब सस्तन प्राणी नदीत?’ भाच्याची शंका बरोबर होती. तिचं उत्तर कुबडांमध्येच मिळालं. पहिल्या आणि दुसऱ्या कुबडातलं अंतर आधी कमी होतं, पुढं जवळजवळ दुप्पट झालं, आणि तिसरं तर एका ठिकाणी बाजूला सरकलं. एकाच अंगाचे भाग असते तर हे कसं घडेल? म्हणजे ते एक जनावर नव्हतंच, एकामागं एक पोहणारी तीन होती. मग आवाज वाढवला. कट्ट्यावरच्या गलक्यात तो कुणीच ऐकला नव्हता. भाच्याच्या ओरडण्याच्या आधी, मोटरीच्या घरघरीतून, दोनदा बारीक शीळ येते. पाणमांजरं कुटुंबानं हिंडतात आणि एकमेकांना अशी साद घालतात. कुठं त्यांना ऊद म्हणतात, कुठं हूद.

दुसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन काठावर गेलो. एका खडकावर विष्ठा सापडली, माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची. पाणमांजरं ठरावीक जागीच विष्ठा टाकतात, त्यामुळं जुनी-नवी दोन्ही होती. तात्या वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘ह्यो वास मला ठावा हाय. लहानपणी आमच्या डोहाकडं यायचा.’

मला त्या दिवशी झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. मासे संपले, वाळू उपसली, पाण्यात जिलेटिन उडवली गेली, कारखान्यांची आणि शहरांची घाण मिसळली, तरी ही जनावरं या खोऱ्यात टिकून आहेत. जगभरच्या यादीत त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे आणि कातड्यासाठी, पाळण्यासाठी त्यांची चोरटी विक्री होते. म्हणून भाच्यानं व्हिडिओ सगळीकडून काढून टाकला. जागेचं नाव कुणाला सांगितलं नाही, मीही इथं सांगत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर तेवढं कळवलं.

कट्ट्यावर सगळ्यांना पटलं असं नाही. एक जण अजून मगरच म्हणतो, आणि कृष्णेत मगरी आहेत म्हटल्यावर त्याला पुरतं खोडूनही काढता येत नाही. तात्यांनी म्हशी त्या वळणावरून हलवून वरच्या उताराला नेल्या. मगर नसली तरी पिल्लं असलेल्या पाणमांजरांना धक्का नको, असं त्यांचं म्हणणं.

कुठलं पाणमांजर, हा वाद मात्र भाच्याशी पुढं चालला. आपल्याकडं दोन जाती संभवतात. घाटातल्या ओढ्यांना राहणारी, खेकड्यांवर जगणारी लहान नखांची, आणि मोठ्या नद्यांतली गुळगुळीत केसांची, मासेखाऊ. चिखलातल्या ठशांत पाच बोटं होती आणि बोटांपुढं नखांचे टोचे स्पष्ट उमटले होते. लहान नखांच्या जातीची नखं इतकी आखूड असतात की ठशात सहसा दिसत नाहीत. खवलेही माशांचेच. माझ्या मते ती गुळगुळीत केसांची. भाच्यानं ठशाशेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढलाय आणि माझ्या ‘माझ्या मते’वर तो अजून समाधानी नाही.