कुर्ल्याची बोलकी

आमच्या पद्मिनीला गप्प बसता येत नाही. किल्ली फिरवली की आधी सेल्फ कण्हतो, मग चार सिलिंडर एकेक करून बोलण्यात भाग घेतात, आणि सगळे आले की बॉनेटखाली टॅपेटची टिकटिक सुरू होते. त्यावर क्वार्टर ग्लासची कडी खुळखुळते. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा प्रत्येक गिअर घेताना काहीतरी पुटपुटतो. चेंबूरच्या आमच्या सोसायटीत ती फाटकाशी पोचली की चौथ्या मजल्यावर कळतं. फिकट निळा रंग, गोलसर नाक, मागे डिकीच्या दोन बाजूंना छोटेसे पंख, आणि वय सांगायचं तर जन्म 1986 चा.

नव्या माणसाला हा सगळा आवाज म्हातारपणाचा वाटतो. खरं तर तरुण होती तेव्हाही ती अशीच बडबडी होती. तिचं बोलणं फुकट नसतं, एवढंच. कुठे दुखतंय, काय सैल झालंय, काय कमी पडतंय, हे ती आधी सांगते, मग थांबते. तिची निगा राखणं म्हणजे रोजच्या बोलण्यातलं नवं वाक्य कोणतं, ते ओळखणं.

तिचं माहेर आमच्या घरापासून दोन-तीन स्टेशनं दूर, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1953 मध्ये इटलीत आलेल्या फियाट 1100 चं वळण कुर्ल्यात उतरलं. 1964 मध्ये 'डिलाइट' आली, मग 'प्रेसिडेंट' आणि 1974 पासून 'पद्मिनी'. कागदावर नाव बदललं तरी बाबांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. आमची आली तोवर बाजारात मारुती 800 आलेली होती. नवी, हलकी, शांत. बाबांनी तरीही हीच घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुंबईच्या प्रत्येक टॅक्सी स्टँडवर हिचा डॉक्टर बसलेला आहे.

बाबांनी मला गाडी चालवायच्या आधी ती उघडायला शिकवली. शाळेत असताना रविवारी सकाळी माझं काम ठरलेलं असे: हातात बॅटरी धरायची आणि मागतील तो पाना द्यायचा. 'दहा-अकराचा' म्हटलं की बारा-तेराचा द्यायचा नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा असा की गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली डोकं घालायचं नाही. घोडी लावायची, चाकामागे दगड लावायचा, मगच खाली सरकायचं. हा नियम ते स्वतःही कधी मोडत नसत.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची, पण स्वभावाने अगदी मोकळं. बॉनेट उचललं की सगळं दिसतं आणि बहुतेक सगळ्याला हात पोचतो. कार्बोरेटर इथे, पेट्रोल पंप तिथे, मधे डिस्ट्रिब्युटर आणि त्याच्या टोपीतून निघालेल्या पाच जाड वायरी: एक कॉइलकडून येणारी, चार प्लगांकडे जाणाऱ्या. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. या वायरींची अदलाबदल झाली की ती खोकते, कार्बोरेटरमधून फटाका फोडते आणि जागची हलत नाही.

टोपी काढली की आत कॉन्टॅक्ट पॉइंट. नखाएवढे दोन तुकडे, इंजिन फिरतं तसे उघडतात-मिटतात आणि प्रत्येक उघडण्याला एक ठिणगी जन्मते. त्यांच्यामधली फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी. फिलर गेजची पात आत सरकवायची. ती अडकू नये आणि सैलही जाऊ नये, किंचित घासत जावी. वापराने पॉइंटची फायबरची टाच झिजते, फट कमी होते, आणि त्याबरोबर ठिणगीही जरा उशिरा पडू लागते. मग गाडी आळसावते, चढाला लवकर तापते, पेट्रोल जास्त पिते. एका दिवसात यातलं काही होत नाही. कित्येक आठवडे ती थोडं थोडं सांगत असते: आज पुलावर तिसऱ्या गिअरला जरा कुरकुरली, आज सिग्नलला थरथरली. ज्याला हे ऐकू येतं त्याचं काम अर्ध्या तासात होतं: झीरो पेपर फिरवायचा, फट बसवायची, टोपी पुसायची. पॉइंट निळसर जळालेले दिसले तर मात्र नुसतं घासून भागत नाही. बाजूचा कंडेन्सर बदलायचा, नाहीतर नवे पॉइंटही तसेच जळतात.

प्लग काढले की ती लेखीच देते. टोकाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओला काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि आत उष्णता वाढलेली. सायलेन्सरच्या धुराचंही तसंच. निळा ऑइलचा, काळा पेट्रोलचा. आणि इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येतच राहिली, रेडिएटरमधलं पाणी घटत राहिलं, तर हेड गॅस्केटकडे बघायचं.

तिच्या सगळ्या बोलण्यातलं मला सर्वात आवडतं ते टॅपेटचं. ओळखीचे लोक म्हणतात, 'जरा टाइट करून घे ना, किती वाजतात!' पण तिथेच गोम आहे. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, म्हणून थंड असताना त्याच्यावर थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. त्या जागेचाच हा आवाज. वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुतत जातो, तशी ही जागा कमी होते आणि टॅपेट हळूहळू शांत होतो. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं या बैठकींना जपायचं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं. हवेसाठी ते फार चांगलं झालं, पण जुन्या इंजिनांवरची नजर वाढवावी लागली. जागा संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळती हवा फटीतून निसटते आणि त्याची कड जाळून टाकते. तोवर आवाज छान बंद झालेला असतो. म्हणून बाबा म्हणत, वाजणाऱ्या टॅपेटने कुणाचं इंजिन गेलं नाही. मी थंड इंजिनावर फिलर गेज लावते, जागा नीट बसवते आणि थोडी टिकटिक राहू देते.

ब्रेकच्या बाबतीत तिला एकट्या माणसाची सेवा चालत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल स्पंजासारखं दबू लागलं की नळीत हवा शिरलेली असते, आणि ती काढायला दोघं लागतात. मी खाली, नवरा सीटवर. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या डाव्या.

"दाब. अजून एकदा. आता दाबून धर."

"धरलं."

मी निपल सैल करते. बुडबुडे येतात, मग नुसतं ऑइल.

"सोडू?"

"नको! मी सांगेपर्यंत नको."

"किती वेळ?"

"अरे, मी घट्ट करेपर्यंत!"

निपल उघडं असताना पाय उचलला तर बाहेर काढलेली हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एकमेकांचं ऐकण्याची याहून कडक परीक्षा आमच्या संसारात दुसरी झाली नाही. व्हील सिलिंडर गळत असेल किंवा स्टिअरिंगमध्ये खेळ वाढला असेल, तर मात्र मी हट्ट करत नाही. सरळ गॅरेजमधल्या उस्तादांकडे नेते. घरी काय करावं याइतकंच काय करू नये हेही तिच्याकडूनच शिकायला मिळतं.

पावसाळा तिचा शत्रू. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता ओलीतूनच भलतीकडे पळते. सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही. कोरडं फडकं, नाहीतर एक्स्टेंशन ओढून आणलेला केस वाळवायचा ड्रायर, आणि पाच मिनिटांत ती पुन्हा बोलू लागते. गंज मात्र वेगळा. हिला वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडं. मुंबईची खारी, दमट हवा त्याला आतून खाते, आणि हा एकच आजार असा आहे की ज्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. म्हणून मेअखेरीस मी दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करते, गालिचे उचलून फरशी बघते, खालून अंडरकोटिंग टोकून पाहते. जिथे रंगाला फोड दिसतो तिथे आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. त्यावर नुसती लांबी भरून रंग मारणारे पुष्कळ. कापून नवा पत्रा जोडणारा शोधावा लागतो.

अशी माणसं आता कमी होत चाललीत, आणि त्याला कारण आहे. कुर्ल्यात पद्मिनी बनणं 2000 च्या सुमारास थांबलं, तरी तिची काळी-पिवळी भावंडं शहरभर धावत होती. त्यांच्यामुळे पार्ट निघत, विकले जात, दुरुस्त होत. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती 29 ऑक्टोबर 2003 रोजी. म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरअखेर उरलेलं शेवटचं भावंडही निवृत्त झालं. टॅक्सीवाल्यांना दहा मिनिटांत कार्बोरेटर उघडून जेट फुंकून देणारे उस्ताद दुसऱ्या गाड्यांकडे वळले. आता ऑपेरा हाऊसच्या दुकानात पेट्रोल पंपाचा डायफ्राम मागितला की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग माळ्यावर चढतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टांचे ढीग अजून आहेत. तिथे जाताना मोडका पार्ट हातात घेऊन जायचा, नुसतं नाव सांगून भागत नाही.

डायफ्राम लागतोही पूर्वीपेक्षा जास्त. आता बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून जेटमध्ये आणून टाकतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. तिने हे लगेच सांगितलं: पेट्रोलची नळी मऊ पडली, बॉनेटखाली वास येऊ लागला, प्लगचे रंग पांढरटाकडे झुकले. मी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकल्या, कार्बोरेटर साफ करून मिश्रण जरा वाढवलं, बारका फिल्टर बसवला. आणि मग वाटलं, तक्रार तरी कुणाकडे करायची? आपल्याकडचं इथेनॉल उसापासूनही बनतं. वालचंदनगर आणि रावळगावला साखर कारखाने उभारणारेही तेच वालचंद, जे हिच्या माहेरचे मालक. सासर-माहेर दोन्हीकडून एकाच घराण्याची!

कायद्याच्या नजरेत ती अधलीमधली आहे. पन्नास वर्षं पुरी झाली तर 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल, पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि मला शोकेसमधली पद्मिनी नकोच आहे. त्याला अजून अवकाशही आहे. तोवर पंधरा वर्षांवरच्या सगळ्या खासगी गाड्यांसारखं दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा आणि तपासणीला उभं राहायचं.

मागच्या तपासणीला निवृत्तीला आलेले एक निरीक्षक होते. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक दाबून पाहिला, इंजिन सुरू करायला सांगितलं आणि बॉनेटवर वाकून बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"ताई, टॅपेट वाजतायत."

"हो साहेब. वाजतेच ठेवलेत."

"काम कोण करतं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "हॉर्न वाजवा बघू." मी वाजवला. "हा बघून घ्या. बाकी सगळी गाडी बोलतेय, हा एकटाच दबक्या आवाजात."

घरी येऊन पाहिलं, तर हॉर्नच्या अर्थिंगच्या स्क्रूला गंज चढला होता.