आप्पांना सांग, तूप नको

सातारा

प्रिय नीलू,

तुझा मेसेज वाचला आणि आधी मनसोक्त हसून घेतलं. आप्पांनी या वयात, तेही नाशिकच्या फ्लॅटमध्ये, खरजेलं कुत्रं आणायचं मनावर घेतलंय! तुला साधं मांजराचं पिल्लू ठेवू दिलं नव्हतं त्यांनी. असो. ‘टकलीला कसं बरं केलंस ते सविस्तर लिही, मी त्यांना वाचून दाखवते’ म्हणतेस, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं तू विसरली असतीस आणि उरलेलं आप्पांनी त्यांच्या पद्धतीने केलं असतं.

आमची ही कुत्री, टकली, एसटी स्टँडच्या मागच्या गॅरेजपाशी पडून असायची. केस म्हणावेत तर कानामागे चार. बाकी कातडी जाड, करडी, भेगाळलेली. गॅरेजमधल्या पोरांनी दया येऊन तिला जळकं ऑईल फासलं होतं. हा उपाय गावोगाव चालतो, आप्पांनाही कुणीतरी नक्की सुचवेल. तेवढं मात्र होऊ देऊ नकोस. कुत्रं अंग चाटतं, ऑईल पोटात जातं, सोललेल्या कातडीतूनही भिनतं. खरूज राहते बाजूला आणि विषबाधा होऊन बसते.

खरूज म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे. त्यातल्या एका जातीची मादी कातडीत बोगदे करून अंडी घालते आणि अंड्यापासून मोठा किडा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून एका इंजेक्शनने काम भागत नाही. आज मेले त्यांची पोरंबाळं पुढच्या पंधरवड्यात हजर. ही खरूज दुसऱ्या कुत्र्यांना लागते, माणसालाही थोडे दिवस खाज सुटते, पण आपल्या अंगावर ती टिकत नाही. दुसऱ्या जातीचे किडे केसांच्या मुळाशी राहतात, ते असे पसरत नाहीत. कोणती आहे ते डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गाई-म्हशींसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिन कुणी अंदाजाने टोचायला निघालं तर त्याला थांबवा. डोस वजनावर ठरतो आणि कोलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेततं. हल्ली गोचीड-पिसवांसाठी ज्या चघळायच्या गोळ्या निघाल्यात त्या खरजेवरही चांगल्या चालतात. महाग आहेत, पण रोज कुत्र्याला धरून औषध चोळण्यापेक्षा स्वस्तच म्हणायच्या.

आता मुख्य मुद्दा, जेवण. आप्पा पडले वारकरी. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट ते तुला ऐकवणारच. त्यांना म्हणावं, नामदेवांचं कुत्रं धडधाकट होतं, भाकरी घेऊन पळू शकत होतं. हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्याला एकदम पोटभर, त्यातही तुपाचं, घातलं तर उलट्या-जुलाब होतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. फार दिवसांच्या उपाशी शरीरात अन्न एकाएकी गेलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि खाऊ घालता घालता जीव जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांच्या बाबतीतही हेच घडलं होतं. म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा: मऊ भात, उकडलेलं बिनमिठाचं चिकन, नंतर अंडं. आप्पांच्या घरात चिकन शिजायचं नाही, तेव्हा अंड्यावर तडजोड करा. ते वॉचमनकडून उकडून आणता येईल. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. नाशिकची द्राक्षं असली तरी नकोत! आणि ग्लुकोजची बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे. त्यांनी पुण्य मिळत असेल, मांस चढत नाही.

रक्ततपासणी टाळू नका. गोचिडांमुळे होणारा ताप बाहेरून दिसत नाही. कुत्रं नुसतं मलूल पडतं आणि प्लेटलेट्स घसरत जातात. त्यावर डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण २८ दिवस, जेवणासोबत. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. आप्पा आपली बीपीची गोळीही बरं वाटलं की सोडतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखव.

औषधापेक्षा अवघड निघाला तो टकलीचा स्वभाव. लोकांना वाटतं, मार खाल्लेल्या जिवाला माया द्यावी, जवळ घ्यावं. टकलीला जवळ घेतलं की ती लाकडासारखी ताठ व्हायची. जांभया द्यायची, ओठ चाटायची, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघायची. मला वाटलं झोप आली असेल. डॉक्टर म्हणाले, या सगळ्या घाबरल्याच्या खुणा. यापुढे गुरगुरणं आणि त्यापुढे चावा. तेव्हापासून मी तिच्याकडे पाठ करून अंगणात भाजी निवडत बसायची. बोलायचं नाही, बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. अंतरावर खाणं ठेवायचं, ठरल्या वेळी, रोज त्याच जागी. प्राणिमित्रांमध्ये एक ठोकताळा आहे: तीन दिवस भीती कमी व्हायला, तीन आठवडे घराची घडी कळायला, तीन महिने आपलं वाटायला. टकलीने हे वेळापत्रक काही पाळलं नाही. कुकरच्या शिट्टीला ती लवकर सरावली. झाडूला मात्र अजून घाबरते. काठी, झाडू, छत्री हातात असेल तर मी लांबून जाते. डोक्यावर वरून हात नेला तरी ती दबते, म्हणून खालून, हनुवटीपाशी खाजवायचं.

आप्पांनी रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी, हा माझा हट्ट आहे. पूर्वीची ती पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, दंडावर देतात. दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-तिखट काही न भरता सरळ दवाखाना गाठायचा. आधी लस घेतलेली असली तरी जायचं. कुत्रीलाही लस, आणि तब्येत सुधारली की नसबंदी. त्यानंतर कानाला खूण करतात, म्हणजे तिला कुणी नसबंदीसाठी पुन्हा पकडून नेत नाही.

सोसायटीत भांडणं होतील, तयारी ठेवा. कुत्र्यांवरून वाद आपल्याकडे जुनेच आहेत. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी मंडळींनी दुकानं बंद ठेवून शहर अडवलं होतं. आता केंद्राचे २०२३ चे नियम सांगतात की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच जागी सोडायचं. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली कुत्री कायमची निवाऱ्यात न्यायला सांगितलं, २२ तारखेला तो आदेश बदलून पिसाळलेली आणि आक्रमक वगळून बाकीची परत सोडायला सांगितली, आणि नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, स्टँड, स्टेशनं यांच्या आवारातली हलवायला सांगितली. वाद वाढू नये म्हणून आप्पांनी खाऊ घालायची जागा कमिटीशी बोलून ठरवावी, जिन्याजवळ आणि मुलांच्या खेळायच्या जागेजवळ नको. समोरच्या काकूंना कुत्र्याची भीती वाटत असेल तर तीही खरीच असते.

आता तुला एक स्पष्ट सांगते. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं. आप्पा पंचाहत्तरीचे, तू परदेशात, आइंडहोव्हनला. टकली राहिली कारण आमच्याकडे अंगण आहे आणि घरात माणसं आहेत. आप्पांची कुत्री फ्लॅटमध्ये आलीच पाहिजे असं नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात, वॉचमनच्या मदतीने, तिचे उपचार पूर्ण करा. टोचून घ्या, नसबंदी करा, आणि ती खालीच राहू दे, आप्पांच्या ओळखीची, पोटभर जेवलेली. अनेक रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी एवढंच पुरतं. वर न्यायचीच असेल तर आप्पांनंतर कुणाची, हे आज ठरवा आणि मगच दार उघडा.

आणि तू तिकडून गुबगुबीत गादी, गुलाबी स्वेटर असलं काही पाठवू नकोस. डॉक्टरांचं बिल भर आणि दर रविवारी फोन करून आप्पांना विचार, गोळ्या संपल्या का. कुत्रीच्याही आणि त्यांच्याही.

तुझी,
माधवी