आधी सुई, मग दूध

रमजान ईदनंतर एका नातेवाइकांनी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी उंटिणीच्या दुधाच्या पावडरीचा डबा आणला. "खालाजान, आता सुई बंद करा!" अम्मीने कुणालाही न सांगता आठ दिवस इन्सुलिन घेतले नाही. नवव्या दिवशी तिला उठवत नव्हते. साखर चारशेच्या वर गेली होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "बेटा, उंटाच्या दुधाचा जिक्र तर हदीसमध्ये आहे. मग असं कसं झालं?"

मी शोधून वाचले. बिकानेरला १९८४ पासून उंटांवर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र आहे. बिकानेरच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या काही रुग्णांना रोज अर्धा लिटर उंटिणीचे दूध दिले. त्यांना इन्सुलिन कमी लागले, हे खरे. पण रुग्ण थोडे होते, डॉक्टर सतत साखर तपासत होते आणि तपासूनच डोस कमी करत होते. आमच्या घरी फक्त डबा होता, तपासणी नव्हती.

सूरह गाशियामध्ये उंट कसा निर्माण केला गेला, ते पाहायला सांगितले आहे. पाहणे म्हणजे ऐकीव गोष्टीवर विसंबणे नव्हे.

अम्मी आता डॉक्टरांना विचारून कपभर दूध घेते. पण आधी सुई.